समासातल्या नोंदी

नागपुरात मानसशास्त्र शिकलेल्या माझ्या पिढीचा हात ज्या पेटीवर बसला, ती मॅलिनची. डेव्हिड वेक्सलरच्या १९४९ सालच्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप आर्थर मॅलिन यांनी नागपुरातच तयार केलं. ते १९६९ साली आलं आणि मराठीतही वापरलं जाऊ लागलं. अकरा उपचाचण्या, त्यांतल्या सहा तोंडी आणि पाच हातानं करायच्या. आम्ही नुसतं 'मॅलिन' म्हणायचो. "आज दोन मॅलिन आहेत" म्हणजे आज दोन मुलं तपासायची आहेत. ठोकळे कसे मांडायचे, स्टॉपवॉच कधी दाबायचं, गुण कुठल्या रकान्यात भरायचे हे विद्यापीठानं शिकवलं. उरलेलं सगळं बाईंनी.

बाईंचं नाव लिहीत नाही. "चाचणीवर लिही, माझ्यावर काय लिहितेस," असं त्या म्हणाल्या असत्या. म्हणून चाचणीवरच लिहिते. बाई तिच्यात येतीलच.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या बालमार्गदर्शन केंद्रात लागले, ते मुलाखतीत फार काही बोलले म्हणून नव्हे. वर्ध्याकडची मी. घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची सवय. समोर तिघं बसलेले, आणि माझी उत्तरं 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' यांच्या पलीकडे जाईनात. एका सद्गृहस्थांनी तर पेनाला टोपणही लावलं होतं. मग बाईंनी विचारलं, एखादं मूल उत्तरच देत नसेल तर तुम्ही काय कराल? मी गप्प. बाईही गप्प. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, सोपा करून दिला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात घाई नव्हती. शेवटी मी बोलू लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. नोकरी मिळाली, आणि पुढे कळलं की त्या खोलीत बाईंनी जे केलं तोच त्यांचा सगळा अभ्यासक्रम होता.

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर बिलाला घाबरलेला. बाई तोंडी चाचणी सुरू झाली की कूलर बंद करायच्या. वाळ्याच्या ताट्यांचा गारवा पाच मिनिटांत उडायचा. दाराशी बसलेला शिपाई कुरकुरायचा, "बाई, पोट्टं भाजून राहिलं ना आत!" बाईंचं कारण साधं होतं. कूलरच्या घरघरीत मुलाचा आवाज ऐकू येतो, मुलीचा येत नाही. मुलीनं तोंडातल्या तोंडात बरोबर उत्तर दिलं आणि तपासणाऱ्यानं "पुन्हा सांग" म्हटलं, की तिला वाटतं आपलं चुकलं. मग ती उत्तर बदलते किंवा गप्पच होते. "मुलींची भाषा मुलांपेक्षा चांगली असते असं पुस्तकात लिहिलंय," बाई म्हणायच्या, "पण पुस्तकवाल्यांच्या खोलीत कूलर नव्हता."

दुसरी गोष्ट वडिलांची. मुलीला घेऊन आलेले वडील खोलीत बसले की तिच्या वतीनं तेच उत्तरं द्यायचे. "तिले येते हो बाई, लाजून राहिली." किंवा त्याहून वाईट म्हणजे, "तिले नाही येत ते." त्यांना बाहेर जा म्हणायचं तर राग येणार. बाई अत्यंत गोडीनं म्हणायच्या, "भाऊ, खालच्या टपरीवर तीन चहा सांगून या ना, आणि चहावाल्याला सावकाश करायला सांगा." चहा यायचा तेव्हा सामान्य माहितीची उपचाचणी संपलेली असायची.

या तोंडी चाचणीत एक गोम आहे, ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आकलनाच्या आणि शब्दसंग्रहाच्या प्रश्नांना दोन, एक किंवा शून्य गुण असतात. उत्तर मोघम असेल तर तपासणारा "अजून सांग" म्हणू शकतो, आणि तसं म्हटल्याची खूण फॉर्मवर करतो. जो काहीतरी बोलतो त्याला ही दुसरी संधी मिळते. "माहीत नाही" म्हणणाऱ्याला सहसा मिळत नाही, पुढचा प्रश्न येतो. आता आठ-दहा वर्षांचा धीट मुलगा काहीबाही ठोकून देतो. त्याच्या उत्तरात अर्धं खरं सापडतं, "अजून सांग" म्हटलं की उरलेलंही निघतं, आणि एकाचे दोन होतात. त्याच वयाच्या मुलीला घरात शिकवलेलं असतं की पक्कं ठाऊक नसेल तर तोंड उघडू नये. ती शून्यावर थांबते. दोघांना येत होतं तेवढंच. बाई मॅन्युअल मोडत नसत, पण मुलाला धीर देण्याची त्यात जेवढी मुभा होती तेवढी त्या पुरेपूर वापरायच्या. "चुकलं तरी चालते इथं. इथं कोणी मारत नाही," हे वाक्य त्यांनी किती पोरींना सांगितलं असेल!

आणि जे सांगूनही निघायचं नाही, ते समासात जायचं. रेकॉर्ड फॉर्मच्या कडेला जी चार बोटं मोकळी जागा असते तिथं बाई बारीक अक्षरात लिहायच्या. बरोबर कोण आलं आहे, ते खोलीत होते की बाहेर, कुठल्या प्रश्नाला मूल किती वेळ थांबलं, उत्तराचे शब्द जसेच्या तसे. आमचे फॉर्म स्वच्छ असायचे. बाईंचे वहीच्या शेवटच्या पानासारखे दिसायचे.

सावनेरकडची एक मुलगी आठवते, अकरा-बारा वर्षांची. शाळेनं 'मतिमंद वाटते, प्रमाणपत्र द्यावे' म्हणून पाठवलेली. चाचणी बाई घेत होत्या, मी बाजूला स्टॉपवॉच घेऊन. ठोकळ्यांची नक्षी तिनं इतक्या झटकन जुळवली की माझी नोंद मागे पडायला लागली. तोंडी भागात मात्र शून्यावर शून्य. आकलनातला एक प्रश्न होता. तो जसाच्या तसा सांगत नाही, चाचणीतले प्रश्न फोडायचे नाहीत हा नेम अजून पाळते. पण अर्थ असा की, अनोळखी ठिकाणी एकटी असताना वाट चुकलीस तर काय करशील? मुलगे पोलिसाला विचारतात, पाटी वाचतात, दुकानदाराकडे जातात, दोन गुण घेतात. ही बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "मी एकटी कायले जाईन?"

मॅन्युअलप्रमाणे शून्य. मला वाटलं, बाई निदान एक तरी देतील. त्यांनी शून्यच लिहिलं. बाई गुण वाढवून देत नसत, कुणालाच नाही. आकडा हलवला की तो कोणाच्याच कामाचा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण समासात त्यांनी ते वाक्य पूर्ण लिहून घेतलं, आणि अहवालात एक परिच्छेद त्या वाक्यावर खर्च केला. या मुलीला घराबाहेर एकटीनं पाठवलं जात नाही. बाजार, टपाल, एसटी यांच्याशी संबंधित प्रश्नांना तिच्याकडे उत्तरं नाहीत, कारण तिच्या दिवसात ते प्रसंगच नाहीत. तिचं उत्तर तिच्या परिस्थितीत समंजस आहे. तोंडी आणि कृतीच्या गुणांत मोठी तफावत आहे, म्हणून एकूण बुद्ध्यांक एका आकड्यात सांगणं दिशाभूल करणारं ठरेल. मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र देता येत नाही. शाळेनं तिला ठेवून घेतलं. अहवाल वाचून की प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

मला हे जवळून कळत होतं. आमच्या घरी किराणा आणायला धाकटा भाऊ जायचा. साखरेचा भाव, स्टेशनातल्या गाड्यांच्या वेळा, कलेक्टर कचेरी कुठल्या रस्त्याला, हे सगळं त्याला सातव्या वर्षी पाठ. मला एम.ए.ला आल्यावर कळलं की यालाच 'सामान्य माहिती' म्हणतात आणि त्यावरून बुद्धी मोजतात.

शनिवारी दुपारी मुलं नसायची. तेव्हा बाई कपाट उघडायच्या. व्ही. व्ही. कामतांचं १९४० सालचं पुस्तक त्यांच्याकडे होतं, ऑक्सफर्डनं काढलेलं. बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवण्याचं काम कामतांनी त्याआधीच केलेलं. त्या पुस्तकाबद्दल बाईंना आदर होता. बिनेबद्दलही होता, पण तो डोळे उघडे ठेवून. पॅरिसच्या शाळांतली मागे पडणारी मुलं ओळखायला बिनेनं १९०५ साली पहिलं मापन केलं आणि १९०८ साली ते सुधारलं. त्यात लहान मुलांना बायकांच्या चेहऱ्यांची चित्रं जोडीजोडीनं दाखवून 'यातली सुंदर कोण' असं विचारायचं. मोठ्या मुलांना एक विधान ऐकवायचं, की एका तरुणीचं प्रेत अठरा तुकड्यांत सापडलं आणि तिनं आत्महत्या केली असावी असं लोक म्हणतात. यात काय वेडगळ आहे ते मुलानं सांगायचं. दोन्ही प्रश्न टर्मननं १९१६ साली स्टॅनफर्डला अमेरिकन आवृत्ती केली तेव्हाही ठेवले. बाई चष्मा पुसत म्हणायच्या, "पोराला अक्कल आहे का हे बघायचंय. त्यासाठी एका बाईचं तोंड आणि दुसरीचे तुकडे!" आणि हसायच्या. ते हसणं मला सुरुवातीला कळायचं नाही. बिने वाईट माणूस नव्हता, उलट आपल्या आकड्याचा लोक गैरवापर करतील याची त्याला धास्ती होती. प्रश्न सुचताना त्याच्या आजूबाजूला जे पडलेलं होतं ते त्यानं उचललं, इतकंच. बाईंचा रोख त्या 'इतकंच'वर असे.

एकदा मी उत्साहानं म्हटलं, की बाई, निदान एकूण बुद्ध्यांकात मुलगे-मुली सारखेच निघतात, हे तर चाचण्यांनी सिद्ध केलं ना?

"सिद्ध नाही केलं गं," बाई म्हणाल्या. "ठरवलं."

मग त्यांनी सांगितलं ते मी कुठल्या वर्गात ऐकलं नव्हतं. १९१६ साली टर्मनला मुली किंचित पुढे दिसल्या होत्या, आणि एकूण फरक नगण्य आहे असं त्यानं मांडलं. १९३७ साली मेरिलबाईंबरोबर त्यानं नवी आवृत्ती केली, तेव्हा ज्या प्रश्नांत मुलगे आणि मुली यांच्यात फार अंतर पडत होतं ते प्रश्न वगळले गेले. वेक्सलरनंही एकूण गुणांत स्त्री-पुरुष बरोबरीत यावेत असंच पाहिलं. पण भागांमध्ये काय चाललं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. सामान्य माहिती, अंकगणित आणि चित्रातली उणीव ओळखणं यांत पुरुष पुढे. शब्दसंग्रह, साम्य आणि चिन्हांची नक्कल यांत स्त्रिया पुढे. १९५८च्या पुस्तकात त्यानं पहिल्या तिन्हींच्या बेरजेतून दुसऱ्या तिन्हींची बेरीज वजा करून चक्क पुरुषीपणा-बायकीपणाचा आकडा काढून दाखवला. म्हणजे दुकानदार तराजूला पासंग लावतो तशी ती बरोबरी आधी लावून घेतलेली. मुलगे हुशार की मुली, हे त्या तराजूवर तोलताच येत नाही. काटा मधे आहे, कारण तो मधे आणला आहे.

बाईंचा त्याला विरोध नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. बरोबरी गृहीत धरली ते चांगलंच केलं, असंच त्या म्हणत. त्यांचे प्रश्न दोन होते. पहिला असा, की हा पासंग फक्त मुलगे-मुलींसाठी का? गरीब-श्रीमंत आणि काळे-गोरे यांच्यात अंतर पाडणारे प्रश्न असेच वगळावेत, असं कोणाला का वाटलं नाही? तिथं अंतर दिसलं की ते बुद्धीचं अंतर मानायचं, आणि इथं दिसलं की प्रश्नाचा दोष? दुसरा प्रश्न आमच्या टेबलाचा होता. तो पासंग अमेरिकेतल्या मुलामुलींवर लावलेला. पेटी भाषांतरित होऊन सावनेरला पोचली तेव्हा तो तिथंच राहिला. अमेरिकेतली मुलगी निदान दुकानात जात होती.

भाषेचा अडसर टाळायचा म्हणून आम्ही भाटियांची कृतिचाचणी वापरायचो. सी. एम. भाटियांनी १९५५ साली ती प्रसिद्ध केली, शिकलेल्या आणि निरक्षर अशा दोन्ही मुलांसाठी. मोठं काम. प्रमाणीकरण झालं ते ११ ते १६ वर्षांच्या १,१५४ मुलग्यांवर. मुली नाहीत. तरी आम्ही ती मुलींना लावायचो, कारण दुसरं काय होतं? बाई प्रत्येक मुलीच्या अहवालात खाली एक ओळ लिहायच्या, 'तुलना मुलग्यांच्या गुणांशी केली आहे.' डॉक्टर लोकांना त्या ओळीचा कंटाळा यायचा. एकानं विचारलंही, हे दर वेळी लिहायलाच हवं का? बाई म्हणाल्या, दर वेळी मुलगी वेगळी असते ना.

बाईंनी माझी ओळख करून दिलेल्या माणसांत जिचं देणं मी सर्वांत जास्त लागते, ती लीटा हॉलिंगवर्थ. नेब्रास्काची शिक्षिका. नवऱ्यामागून न्यूयॉर्कला आली. तिथल्या शाळा विवाहित बायकांना नोकरी देत नसत. म्हणून शिकायला गेली आणि पुढे चाचण्या घेण्याच्या कामाला लागली. त्या काळी एक सिद्धांत मोठमोठे प्राध्यापक मानत होते. पुरुषांत विविधता जास्त, म्हणून प्रतिभावंतही पुरुष आणि वेडेही पुरुष. बायका सगळ्या मधल्या. तिचे गुरू थॉर्नडाइक त्यांतलेच. पुरावा काय, तर मतिमंदांच्या संस्थांत पुरुषांची संख्या अधिक. हॉलिंगवर्थनं १९१३ साली न्यूयॉर्कच्या केंद्रात तपासलेल्या १,००० जणांच्या नोंदी वयाप्रमाणे लावल्या. लहान वयात मुलगे भरपूर, मोठ्या वयात बायका वाढत गेलेल्या. कारण उघड होतं. मुलगा मंद असला की तो शाळेत आणि कामावर नापास होतो, लगेच लक्षात येतो. मुलगी भांडी घासते, पोरं सांभाळते, घरात खपून जाते. घरच्यांचा आधार तुटेपर्यंत तिला कोणी तपासायला आणत नाही. पुढच्या वर्षी तिनं हेलन माँटेग्यूबरोबर १,००० नवजात मुलगे आणि १,००० नवजात मुलींची मापं तपासली. मुलग्यांत जास्त विविधता काही सापडली नाही.

हे सांगून बाईंनी आमच्याच केंद्राची नोंदवही पुढे ढकलली. "मोज," म्हणाल्या. मी पानं उलटत गेले. मुलग्यांची रांग, मधूनच एखादी मुलगी, आणि तीही बहुधा बारा-तेरा वर्षांपुढची. दहावीला बसवावं की लग्नाचं बघावं, हे ठरवण्याच्या वेळेला आणलेली. न्यूयॉर्क १९१३ आणि नागपूर, रकाने तेच होते.

लग्नानंतर मी ठाण्याला आले. बाईंशी पत्रं चालू राहिली. माझी लांबलचक, त्यांची अंतर्देशीय पत्राच्या अर्ध्यावर संपणारी. १९८८ साली जॅनेट हाइड आणि मार्शिया लिन यांनी भाषिक क्षमतेवरचे १६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. मुली पुढे, पण प्रमाण विचलनाच्या जेमतेम दहाव्या भागानं, म्हणजे धरू नये इतकंच. मी झेरॉक्स पाठवली. बाईंचं उत्तर आलं, 'म्हणजे मुलींची जीभ लांब हेही गेलं. आता आयांना काय सांगायचं?'

त्याच्या पुढच्या वर्षी, १९८९च्या फेब्रुवारीत दोन निकाल लागले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या निवडक ग्रामर शाळांत मुलग्यांना ५४० जागा होत्या, मुलींना ३६०. साहजिकच अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेत मुलीला मुलग्याहून जास्त गुण लागायचे. हाउस ऑफ लॉर्ड्सनं हा भेदभाव ठरवला, आणि नगरपालिकेचा हेतू काय होता याला महत्त्व नाही असं सांगितलं. दुसरा निकाल न्यूयॉर्कचा. राज्याच्या शिष्यवृत्त्या फक्त सॅट परीक्षेच्या गुणांवर दिल्या जात होत्या. शाळेत मुलींचे गुण चांगले असूनही शिष्यवृत्त्या मुलग्यांकडे जास्त जायच्या. न्यायाधीश वॉकर यांनी तेही थांबवलं. एका ठिकाणी मुली परीक्षेत पुढे, तर त्यांच्यासाठी जागा कमी. दुसऱ्या ठिकाणी शाळेत पुढे, तर निवडीला परीक्षाच वेगळी. मी दोन्ही कात्रणं एकाच पाकिटात घातली. बाईंनी हेतूबद्दलच्या वाक्याखाली रेघ मारून कात्रण परत पाठवलं. त्याखाली लिहिलं होतं, 'हे आपल्या कपाटावर चिकटवायला हवं होतं.' आपल्या, असं. मी केंद्र सोडून बरीच वर्षं झाली होती.

बाई आता नाहीत. त्यांचे फॉर्म केंद्र हलवताना रद्दीत गेले असं ऐकलं. फार वाईट वाटलं, पण बाईंना वाटलं नसतं. मुलांची गुपितं आहेत ती, जाळायलाच हवीत, असं म्हणाल्या असत्या.

ठाण्यात माझ्याकडे आता मुख्यतः अध्ययन-अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी पालक येतात. दहावीला सवलत मिळते. पेट्या बदलल्या, नव्या आवृत्त्या आल्या, एसी आला (तोंडी भागाला तो मी बंद करते, हाताखालच्या मुली वैतागतात). टेबलासमोर मात्र अजून मुलगेच जास्त. अक्षरं उलटी लिहिणारा मुलगा वर्गात दंगा करतो, शिक्षिका तक्रार करतात, आई त्याला घेऊन येते. अक्षरं उलटी लिहिणारी मुलगी मागच्या बाकावर शेजारणीचं बघून लिहिते आणि वह्यांना छान कव्हर घालते. म्हणून फॉर्म भरताना मी एक प्रश्न जास्तीचा विचारते, घरात आणखी भावंडं कोण? बहीण असली की पुढचा प्रश्न, तिचं वाचन कसं आहे? "ती ना, ती शांत आहे हो. तिचा काही त्रास नाही," हे उत्तर मला इतकं पाठ आहे की ते ऐकत ऐकतच मी तारखांची वही उघडते. बरेचसे पालक हसून टाळतात. काही तारीख घेतात. गेल्या महिन्यात एका सातवीतल्या मुलाबरोबर त्याची नववीतली बहीण नुसती सोबत म्हणून आली होती, बाहेर बाकावर बसून त्याचंच दप्तर सांभाळत. तिच्या आईला म्हटलं, येत्या सोमवारी हिला आणा, आणि येताना भावाला घरी ठेवून या. आईनं विचारलं, "फी वेगळी का?" मी म्हटलं, हो, वेगळी. सोमवारी दोघी वेळेवर आल्या.